देवाचं नाव हा पासवर्ड नव्हे

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या स्क्रीनवर एक तिकीट आलं. आमच्या धंद्यात ग्राहकाच्या तक्रारीला तिकीट म्हणतात. एरवी ती सपोर्टची मुलं बघतात, पण ज्यात काही तांत्रिक बिघाड आहे असं वाटतं ती आम्हा डेव्हलपर लोकांकडे ढकलली जातात. हे तिकीट एका बाईचं होतं. नवऱ्याला परळला कॅन्सरच्या उपचारासाठी आणलं होतं. ती पहाटेपासून रांगेत होती, मोबाईलची बॅटरी उतरली आणि त्या दिवशीचा जप राहून गेला. अ‍ॅपवरची तिची सलग ४१ दिवसांची साखळी तुटली आणि आकडा शून्यावर आला. तिचा प्रश्न एवढाच होता, की आधीचे ४१ दिवस धरले जातील का? की यांची केमो आता लागू पडणार नाही?

तांत्रिक बिघाड काहीच नव्हता. सगळं आम्ही लिहिलं होतं तसंच चाललं होतं. दिवसभरात बटण दाबलं नाही तर आकडा शून्य, आणि शून्य झाला की खाली एक केशरी बटण: 'साखळी पुन्हा जोडा, फक्त ९९ रुपये'. ते बटण मी लिहिलं होतं. त्या तिमाहीत माझं कौतुकही झालं होतं, कारण बटण चाललं होतं.

अ‍ॅप ध्यानधारणेचं होतं. त्यात आम्ही एक नवा विभाग आणला होता, 'देवाची ७२ गुप्त नावं'. हिब्रू अक्षरं, खाली देवनागरीत उच्चार, मागे समुद्राचा आवाज. एक नाव नोकरीसाठी, एक लग्नासाठी, एक कर्जमुक्तीसाठी, एक आजारासाठी. पहिली नऊ फुकट, उरलेली ६३ सबस्क्रिप्शनमध्ये. हिब्रू का, तर आपल्याकडचे मंत्र सगळ्यांच्याच अ‍ॅपमध्ये असतात. हे परकं, प्राचीन आणि गूढ. प्रॉडक्ट मॅनेजरचं वाक्य मला अजून आठवतं. तो म्हणाला होता, "समज, हा युनिव्हर्सचा पासवर्ड आहे."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि त्या बटणाविरुद्ध, म्हणजे थोडा माझ्याविरुद्धही आहे.

चार अक्षरं

तिकिटाला काय उत्तर द्यायचं हे कळेना म्हणून मी वाचायला बसलो. आपण विकतोय ते नेमकं काय आहे, हे निदान माहीत असावं. वाचल्यावर लक्षात आलं की आपण जे विकतोय त्याच्या बरोबर उलटी ही गोष्ट आहे.

हिब्रू बायबलमध्ये देवाचं एक खास नाव आहे. चार अक्षरं: योद, हे, वाव, हे. सहा हजार आठशेहून जास्त वेळा ते येतं. 'असणे' या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. मोशेने जळत्या झुडपापाशी देवाला नाव विचारलं, तेव्हा मिळालेलं उत्तरही याच क्रियापदातलं होतं. आपण नाव विचारावं आणि समोरच्याने 'मी आहे' एवढंच सांगून थांबावं, तसं.

हे नाव ज्यू माणूस वाचतो, पण उच्चारत नाही. पोथीत ही चार अक्षरं आली की तो 'अदोनाय', म्हणजे 'माझे प्रभू' असं म्हणतो. रोजच्या बोलण्यात 'हाशेम' म्हणतो, त्याचा अर्थ नुसता 'ते नाव'. जेरुसलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, प्रमुख याजक ते मोठ्याने उच्चारायचा आणि अंगणातली माणसं जमिनीवर पालथी पडायची. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. मग उच्चारायची जागाही गेली आणि उच्चारणाराही. तालमुद सांगतो की ऋषी हा उच्चार आपल्या शिष्यांना सात वर्षांतून एकदा सांगत. पुढे तेही थांबलं. मूळ उच्चार 'याह्वे'च्या आसपास असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पण परंपरेतली साखळी तुटली ती तुटलीच. आणि त्या समाजाने ती ९९ रुपयांत जोडून घेतली नाही. तुटलेली आहे हे मान्य करून ते दोन हजार वर्षं जगत आले.

मग 'यहोवा' कुठून आला? हिब्रूत मुळात फक्त व्यंजनं लिहितात. साधारण सातव्या ते दहाव्या शतकात मासोरेती पंडितांनी पोथ्यांना स्वरचिन्हं लावली. या चार अक्षरांना त्यांनी 'अदोनाय'चे स्वर लावले. वाचकासाठी ती सूचना होती, की इथे थांब आणि दुसरा शब्द म्हण. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी सूचना आणि शब्द एकत्र वाचले आणि 'जेहोवा' तयार झाला. तोच जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात 'यहोवा' म्हणून आपल्याला भेटतो. माझ्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी कमेंटलाच कोड समजून रन केलं.

या आदराची एक खूण मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणून वापरतात. योद म्हणजे १०, हे म्हणजे ५, वाव म्हणजे ६. म्हणजे १५ लिहायला योद-हे आणि १६ लिहायला योद-वाव हवं. पण या दोन्ही जोड्यांत त्या नावाचा तुकडा दिसतो. म्हणून १५ हा ९ अधिक ६ असा लिहितात आणि १६ हा ९ अधिक ७ असा. सगळ्या अंकपद्धतीत दोन आकड्यांसाठी केलेला एक अपवाद. हिशेबाच्या वहीत, तारखेत, पानाच्या क्रमांकात चुकूनही ते नाव फुकट खर्ची पडू नये म्हणून. आम्ही त्याच नावाचं नोटिफिकेशन दिवसातून तीनदा पाठवत होतो.

आजी आणि रेशन ऑफिस

हे वाचताना मला शिवडीतली माझी आजी आठवत राहिली. शिवडीच्या बीडीडी चाळीत तिचा जन्म गेला. आजोबा गोदीत होते. आजीने आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. हाक मारायची तर 'अहो'. दुसऱ्यांशी बोलताना 'हे', नाहीतर माझ्या बाबांचं नाव घेऊन 'त्याचे वडील'. रेशनच्या ऑफिसात बाबूने "पतीचं नाव?" विचारलं की ती मला कोपराने ढोसायची आणि मी ओरडून सांगायचो. सात वर्षांचा असताना ते माझं अधिकृत काम होतं. हळदीकुंकवाला बायका मागे लागल्याच, तर ती उखाण्यात घोळवून, दोन ओळींच्या आड लपवून नाव घ्यायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

म्हणजे न घेतलेलं नाव काय असतं, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. अदोनाय हे त्यांचं 'अहो' आहे.

पण इथे मला सावध राहायला हवं. आजीच्या गप्प राहण्यात माया होती तशी भीतीही होती. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं तिला शिकवलेलं होतं. आजोबा मात्र तिचं नाव चाळभर ऐकू जाईल असं घ्यायचे. एकाने घ्यायचं आणि दुसरीने घ्यायचं नाही, असा तो एकतर्फी नियम होता. माझ्या बायकोने असं काही करू नये अशीच माझी इच्छा असेल. त्यामुळे न उच्चारणं म्हणजे आपोआप काही थोर, असं मी म्हणत नाही. कोण गप्प बसतं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे बघावं लागतं.

'आम्ही तर लोकशाहीकरण करतोय'

नेमका हाच मुद्दा माझ्यावर उलटवला गेला. मी मीटिंगमध्ये म्हटलं की अरे, ही नावं जाहीर करायची नसतात. त्यावर उत्तर आलं की लपवून ठेवणं हीच तर पुरोहितांची मक्तेदारी असते. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, आम्ही कब्बाला मराठीत आणतोय.

मला तेव्हा काही सुचलं नाही. आता सुचतंय ते लिहितो.

महाराष्ट्रात गुप्ततेचा इतिहास वाईट आहे हे खरंच. कानात मंत्र सांगायचा, तोही ठरावीक जातीच्याच कानात. बाईने ऐकायचा नाही, शूद्राने उच्चारायचा नाही. चोखोबांना देवळाच्या आत जाता आलं नाही. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. या सगळ्याला संतांनी दिलेलं उत्तर म्हणजे नाम. ते कुणीही घ्यावं, कुठेही घ्यावं, दळताना घ्यावं, गुरं राखताना घ्यावं. दक्षिणा नाही, मुहूर्त नाही, मध्ये भट नाही. संतांनी ते फुकट केलं. आमच्या अ‍ॅपने ६३ नावांना कुलूप लावलं आणि दारात स्वतः बसलं. हे लोकशाहीकरण नसून बडवेगिरी आहे. फक्त बडव्याच्या हातात आता युपीआयचा क्यूआर कोड आहे.

कुणी म्हणेल, मोजणं तर जपमाळेतही असतं. असतं ना. माझी आजी रामनामाची वही लिहायची, पानापानावर बारीक अक्षरांत. मध्ये तिला टायफॉईड झाला आणि तीन आठवडे वही बंद पडली. बरी झाल्यावर तिने पुढच्या ओळीपासून लिहायला घेतलं. वहीने तिला शून्यावर आणलं नाही. माळ तुटली तर मणी वेचून पुन्हा ओवतात, दंड भरत नाहीत.

आता ते हिब्रू नाव. मंदिर होतं तोवर उच्चाराचा मान याजकाचाच होता, ती मक्तेदारीच होती. पण मंदिर गेल्यावर जे उरलं ते फार वेगळं आहे. आता ते नाव रब्बीही उच्चारत नाही, श्रीमंतही नाही, गरीबही नाही. पंडिताच्या आणि तेल्याच्या तोंडी एकच 'अदोनाय'. ज्या कुलपाची किल्ली कुणाकडेच नाही त्याच्या दारात कुणी तिकीट लावून बसू शकत नाही. संतांनी नाव सगळ्यांना देऊन जे साधलं, ते या परंपरेने नाव कुणालाच न देऊन साधलं. दोन्ही वाटांनी दलालच बाद होतो. आमच्या अ‍ॅपने दोन्ही परंपरांची नावं घेतली आणि दलाल तेवढा परत आणला.

७२ नावांचा अल्गोरिदम

आमच्या '७२ नावां'चं मूळही सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, समुद्र दुभंगण्याच्या प्रसंगात, सलग तीन वचनं आहेत. मूळ हिब्रूत प्रत्येकात बरोबर ७२ अक्षरं आहेत. पहिलं वचन सरळ लिहायचं, त्याखाली दुसरं उलटं, त्याखाली तिसरं पुन्हा सरळ. मग वरून खाली वाचत जायचं. तीन-तीन अक्षरांचे ७२ गट मिळतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हा प्रोग्राम पाच-सात ओळींत लिहील. मी लिहिला, चालला. विश्व काही उघडलं नाही.

मग कब्बालातल्या माणसांना त्यात काय दिसत होतं? सगळ्यांत थेट उत्तर मला अब्राहम अबुलाफियाकडे मिळालं. १२४० साली स्पेनमधल्या सारागोसात जन्मलेला हा माणूस अक्षरांचं ध्यान शिकवायचा. रात्री, शक्यतो पांढरे कपडे घालून, दिवे लावून, नावातली अक्षरं वेगवेगळ्या स्वरांशी जोडायची, प्रत्येकाला श्वास आणि मानेची हालचाल ठरलेली. अक्षरं फिरवत राहायची, त्यांचा अर्थ सुटेपर्यंत. हेतू काय, तर आत्म्याला बसलेल्या गाठी सोडवणं. 'मी' नावाची गाठ सैल करणं. नावं वापरून जादू करणाऱ्यांना तो धिक्कारायचा. तोही काही साधा माणूस नव्हता. १२८० मध्ये तो थेट पोपला भेटायला निघाला. पोपने त्याला जाळायचा हुकूम सोडला होता, पण तो पोचण्याच्या सुमारास पोप तिसरा निकोलस स्वतःच वारला. अबुलाफिया महिनाभर कैदेत राहून सुटला. त्याला तुम्ही वेडा म्हणा, गर्विष्ठ म्हणा. पण त्याने कुणाला नोकरीसाठी एक आणि लग्नासाठी एक नाव विकलं नाही. त्या साधनेतून काही मिळवायचं नसून स्वतःला सोडून द्यायचं होतं. आमच्या अ‍ॅपमध्ये सगळा भर मिळवण्यावर.

आणि ही साधना कुणाला द्यायची? तालमुदमध्ये देवाच्या ४२ अक्षरी नावाबद्दल अटी दिल्या आहेत. माणूस मर्यादशील हवा, नम्र हवा, अर्धं आयुष्य उलटलेला हवा, रागावणारा नको, दारूत बुडणारा नको, आणि स्वतःच्या हक्कासाठी अडून बसणारा नको. आमची अट होती मोबाईल नंबर आणि ओटीपी.

'पण हे तर पूर्वीपासूनच चालत आलंय'

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तावीज, गंडे, देवाच्या नावांचे कागद ज्यू समाजातही शतकानुशतकं विकले गेले. बाळंतिणीच्या खोलीत लावायचे, तापात गळ्यात बांधायचे. पूर्व युरोपात नावांचा प्रयोग करून इलाज करणाऱ्याला 'बाल शेम', म्हणजे नावाचा धनी म्हणत. म्हणजे बाजार आम्ही सुरू केलेला नाही.

बरोबर. पण त्या बाजाराला घरातूनच विरोध झाला, तोही पहिल्यापासून. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, परलोकात कुणाला वाटा नाही याची यादी आहे. त्या यादीत एक माणूस आहे जो ते नाव त्याच्या अक्षरांनुसार उच्चारतो. आणि त्याच्या शेजारीच दुसरा आहे, जो देव बरं करतो अशा अर्थाचं वचन जखमेवर पुटपुटतो. मी ती ओळ तीनदा वाचली. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या अ‍ॅपचं वर्णन करून ठेवलं होतं.

बाराव्या शतकातला मायमोनिडीस तर आणखी कडक. हा कैरोतला नामांकित वैद्य आणि ज्यू परंपरेतला सर्वांत मोठा तत्त्वज्ञ. त्याने आपल्या ग्रंथात तावीज लिहिणाऱ्यांना आणि अक्षरं जुळवून नावं बनवणाऱ्यांना वेड्यांत काढलं आहे. रोगी तपासणाऱ्या माणसाने हे लिहावं याला माझ्या लेखी फार किंमत आहे. नावं विकणारे लोक आजारी माणसाच्या दारात कधी आणि कसे उभे राहतात, हे वैद्याइतकं कोण बघतं?

आपल्याकडे कायदासुद्धा आहे. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा मंत्र, तावीज, कवच यांनी रोग बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि त्याच्या रोगांच्या यादीत कॅन्सर आहे. आमच्या लोकांना तो कायदा माहीत होता. म्हणून 'बरा होतो' हे शब्द काढून 'उपचाराला ऊर्जेची साथ' असं लिहिलं गेलं. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्या राज्यात एवढी शब्दांची कसरत पुरते. बाबा असता तर त्याला कुणी पकडलं असतं. अ‍ॅपला तर जटाही नाहीत.

तिसरा आक्षेप असा, की बिचारीला मनःशांती मिळत असेल तर तुझं काय जातं? तिला शांती मिळत होती असं समजायचं का? मी तिकीट वाचलं होतं. त्यात शांती नव्हती. नवऱ्याची केमो लागू पडेल की नाही याची जबाबदारी आम्ही तिच्या मोबाईलच्या बॅटरीवर टाकली होती.

मशीद बंदर

माझा इंजिनिअरिंगचा एक दोस्त बेने इस्राएल आहे. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी, शनिवारी सुट्टी. त्याला मी अ‍ॅप दाखवलं. तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला आणि म्हणाला, "अरे, आम्हालाच माहीत नाही ते तुमच्या अ‍ॅपला कुठून कळलं?"

त्याच्या लोकांची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी, कारण या नावाशी मराठी माणसाचं खरं नातं तिथे आहे. परंपरा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू जवळजवळ विसरली. उरली ती 'शमा', देव एक आहे हे सांगणारी छोटीशी प्रार्थना. त्या एका ओळीत ते चार अक्षरी नाव दोनदा येतं, आणि दोन्हीदा 'अदोनाय' असं म्हटलं जातं. पोथी नाही, पंडित नाही, गुप्त यादी नाही. तेल्याच्या घाण्याशेजारी एक ओळ आणि एक न उच्चारलेलं नाव, एवढ्यावर हा समाज पिढ्यानपिढ्या टिकला.

पुढे ते मुंबईत आले. सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेतले अंमलदार. टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. सिनेगॉगला बेने इस्राएल मराठीत मशीदच म्हणायचे. मशीद स्टेशनाचं नाव त्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. शिवडीहून हार्बर लाइनने पाचवं स्टेशन. मी कॉलेजला असताना चार वर्षं तिथून रोज गेलो आणि एकदाही विचारलं नाही की कुठली मशीद.

त्या दोस्ताच्या घरी मी एकदा मलिद्याला गेलो होतो. ताटात पोहे, साखर, ओलं खोबरं, फळं. एलियाहू हनाबींच्या नावाने नवस फेडायचा होता. त्याच्या आजी माझ्या आजीसारखंच नऊवारी मराठी बोलत होत्या. नंतर वाचताना कळलं की 'एलियाहू' या नावाच्या शेवटी जो 'याहू' आहे, तो त्या चार अक्षरांचाच तुकडा. 'हालेलूया'तला 'या'ही तोच. योहान, मत्तय, योनाथान या नावांतही तो लपलेला आहे. शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीच्या भिंतीवरून लहानपणी आम्ही चेंडू आणायला उड्या मारायचो. तिथल्या प्रत्येक जॉनच्या आणि मॅथ्यूच्या दगडावर त्या नावाचा एक कण आहे. पूर्ण नाव कुणाच्याच तोंडी नाही, आणि त्याचा तुकडा मात्र साध्यासुध्या माणसांना हाक मारताना जगभर उच्चारला जातोय. असं नाव ७२ कप्प्यांत घालून, त्यातल्या ६३ कप्प्यांना कुलूप लावून विकायचं?

मी काय केलं

फार काही नाही. मी एक मेल लिहिला. केशरी बटण काढा, आजाराचा कप्पा काढा, आणि हॉस्पिटलचा उल्लेख असलेल्या तिकिटाला मशीनने उत्तर देऊ नका, असं त्यात म्हटलं. तो मेल 'पुढच्या टप्प्यात बघू' या यादीत गेला. ती यादी म्हणजे आमच्याकडची दफनभूमी. मी चार महिन्यांनी नोकरी सोडली. त्या चार महिन्यांचा पगार मी घेतला, कारण घराचा हप्ता होता. शूर असल्याचा आव मला आणायचा नाही.

पण माझ्यासारखी हजारो मुलं याच शहरात असली बटणं लिहितात, म्हणून सांगतो. श्रद्धेवर स्ट्रीक लावू नका. धावण्यावर लावा, इंग्रजी शिकण्यावर लावा. तिथे आकडा शून्य झाला तर माणूस फार तर चिडतो. इथे तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाकडून घेतलेल्या ९९ रुपयांना आमच्या डॅशबोर्डवर 'एंगेजमेंट' म्हणतात. गावात त्याला दुसरा शब्द आहे. आणि तुम्ही वापरणारे असाल तर एवढंच बघा: जे नाव तुम्हाला घाबरवतं आणि मग भीती काढायचे पैसे मागतं, ते देवाचं नसतं. कुठल्याच धर्मातल्या देवाचं नसतं.

त्या रात्री मी तिकिटाला स्वतः उत्तर दिलं, जे मी करायचं नसतं. लिहिलं की तुमचे ४१ दिवस कुठेही गेलेले नाहीत. औषधाचा आणि या आकड्याचा काही संबंध नाही. डॉक्टर सांगतील ते करा, आणि जमेल तेव्हा जेवून घ्या. मग डेटाबेसमध्ये जाऊन तिचा आकडा ४२ केला. आकड्याला अर्थ नाही असं सांगून तोच आकडा दुरुस्त करून देणं हा विरोधाभास मला तेव्हाही कळत होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. शून्य बघत ती रात्र तिने काढावी हे मला सहन झालं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिचं 'थँक्यू सर' आलं. पुढचं मला माहीत नाही.

तिचं नाव माहीत आहे. तिकिटावर पहिल्याच ओळीत होतं. ते मी घेत नाही.